द्राक्षबागेतल्या नोडचा सी कोड: छोट्या लायब्ररीच्या युनिट टेस्ट कशा लिहायच्या

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात मांडवाच्या तारेला टांगलेला हवामानाचा नोड आता नवलाचा राहिलेला नाही. डब्यात एटीमेगा३२८पी ही एव्हीआर कुळातली आठ बिटी चिप, तापमानाला डीएस१८बी२० हा सेन्सर, पुढे आरएस-४८५ च्या तारेवर मॉडबस ही आकडे पाठवण्याची पद्धत. या सगळ्याच्या तळाशी चार छोट्या फाइली असतात: कच्च्या आकड्याचं तापमान करणारी, सीआरसी (बाइट वाटेत बिघडले का ते कळवणारा तपासणी-आकडा) काढणारी, रिंग बफरची (आलेले बाइट वाचेपर्यंत गोल फिरत्या जागेत ठेवणारी) आणि वेळ मोजणारी. एकेक फाइल तीस ते ऐंशी ओळींची. इतक्याशा कोडला युनिट टेस्ट (एकेक फंक्शन सुटं तपासणारा छोटा कोड) कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण यातली एक चूक पारा शून्याखाली गेल्यावर दिसते, दुसरी दोनशे छप्पन्नाव्या बाइटनंतर आणि तिसरी एकोणपन्नास दिवसांनंतर. नाशिकजवळच्या अंबडच्या शेडमध्ये टेबलावर अर्धा तास नोड चालवून यातलं काहीच कळत नाही. कळतं ते डबा बागेत गेल्यावर, आणि मग लॅपटॉप व प्रोग्रामर घेऊन तीसेक किलोमीटर जावं लागतं.

आधी कोड हार्डवेअरपासून सोडवा

टेस्ट लिहायला बसण्याआधी चारही फाइलींमध्ये चिपची हेडर फाइल कुठे येते ते शोधा. ती आली की फाइल पीसीवर कंपाइल होत नाही. रजिस्टरला हात लावणाऱ्या ओळी काढून एकाच 'पोर्ट' फाइलमध्ये ठेवा. या लायब्ररीला तीनच फंक्शनं पुरतात: आत्ताची मिलिसेकंद दे, एक बाइट पाठव, एक बाइट वाच. चिपसाठी बिल्ड करताना खरी पोर्ट फाइल लिंक करायची. टेस्टसाठी त्याच नावांची फंक्शनं असलेली खोटी फाइल लिंक करायची. खोट्या फाइलीतली वेळ म्हणजे एक साधा ग्लोबल व्हेरिएबल, टेस्ट त्यात हवा तो आकडा घालते. फंक्शन पॉइंटरनेही हे जमतं, पण दोन केबी रॅमच्या चिपवर लिंक करताना अदलाबदल करणं स्वस्त पडतं.

स्टॅटिक (आपल्या फाइलीबाहेर न दिसणारं) फंक्शन तपासायचं असेल तर टेस्ट फाइलमध्ये थेट सोर्स फाइलच इन्क्लूड करा. दिसायला ओंगळ आहे, पण टेस्टसाठी स्टॅटिक शब्द काढून टाकण्यापेक्षा बरं.

फ्रेमवर्क म्हणून सी साठीची युनिटी घ्या (गेम इंजिनवाली नव्हे). एक सोर्स फाइल आणि दोन हेडर फाइली, एवढाच पसारा. सेटअप आणि टेअरडाउन ही दोन फंक्शनं रिकामी का होईना, पण लिहावी लागतात, नाहीतर बहुतेक वेळा लिंकर अडतो. फ्रेमवर्क नकोच असेल तर दहा ओळींचा मॅक्रोही चालतो. मात्र सी च्या स्टँडर्ड असर्टवर (अट खोटी ठरली की प्रोग्राम थांबवणारा मॅक्रो) टेस्ट उभ्या करू नका. रिलीज बिल्डमध्ये कोणी एनडीबग डिफाइन केलं की सगळे असर्ट गायब होतात आणि काहीही न तपासता टेस्ट पास होतात.

सीआरसीसारख्या आकड्यांना हेक्समध्ये छापणारं असर्शन वापरा. 'अपेक्षित हेक्स ४बी३७, मिळालं हेक्स बीबी३डी' हा मेसेज वाचून चूक कुठली ते सांगता येतं. 'अपेक्षित १९२५५, मिळालं ४७९३३' वाचून काहीच सांगता येत नाही.

कंपाइलरकडून फुकटचं काम करून घ्या

पीसीवर टेस्ट चालवण्याचा मोठा फायदा म्हणजे सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्राम चालताना चुका पकडणारी कंपाइलरची सोय. जीसीसी किंवा क्लँगला ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड हे दोन्ही सॅनिटायझर लावा, सगळ्या वॉर्निंग चालू ठेवा आणि वॉर्निंगला एरर माना. यात एक गोम आहे. अनडिफाइन्ड सॅनिटायझर चूक सापडल्यावर फक्त एक ओळ छापतो आणि प्रोग्राम पुढे चालू ठेवतो. एक्झिट कोड शून्यच येतो, मेकला (बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला) सगळं आलबेल वाटतं. 'सॅनिटाइझ रिकव्हर' बंद करणारा फ्लॅग दिला तरच टेस्ट तिथल्या तिथे फेल होते.

ॲड्रेस सॅनिटायझरचीही एक मर्यादा आहे: एकाच स्ट्रक्टमधल्या एका फील्डमधून शेजारच्या फील्डमध्ये लिहिलं गेलं तर ते त्याला दिसत नाही. रिंग बफरचा ॲरे स्ट्रक्टच्या पोटात असेल तर नेमकी हीच चूक होण्याची शक्यता जास्त. म्हणून बफरची जागा बाहेरून पॉइंटरने द्यायची रचना ठेवा. टेस्टमध्ये त्या जागेच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ बाइट हेक्स ए५ ने भरा आणि प्रत्येक टेस्टनंतर ते जसेच्या तसे आहेत का पाहा. सॅनिटायझर असताना हे कशाला? कारण हीच टेस्ट पुढे चिपवर चालवायची आहे आणि तिथे सॅनिटायझर नाही.

टेस्ट कंपाइलरच्या ऑप्टिमायझेशनच्या ओ-शून्य आणि ओ-दोन अशा दोन्ही पातळ्यांवर चालवा. एकीकडे पास आणि दुसरीकडे फेल आलं तर कंपाइलरला दोष देण्याआधी अनडिफाइन्ड बिहेवियर (ज्याचा निकाल सी चे नियम ठरवत नाहीत असा कोड) शोधा.

तापमान: पीसी खोटं बोलतो ती जागा

डीएस१८बी२० सोळा बिटी साइन्ड (उणेही असू शकणारा) आकडा देतो, एक एकक म्हणजे ०.०६२५ अंश. डेटाशीटमध्येच नमुन्याचे आकडे दिलेले आहेत, ते तसेच उचला: हेक्स ०७डी० म्हणजे १२५, ०१९१ म्हणजे २५.०६२५, ००ए२ म्हणजे १०.१२५, ०००८ म्हणजे ०.५, एफएफएफ८ म्हणजे उणे ०.५, एफएफ५ई म्हणजे उणे १०.१२५, एफसी९० म्हणजे उणे ५५. हा टेस्टचा पहिला तक्ता झाला.

एफएफएफ८ अनसाइन्ड म्हणून वाचला तर ४०९५.५ अंश येतात. आकडा इतका अचाट आहे की कोणाच्याही लक्षात येईल. फसवणारी चूक छापताना होते. पूर्णांक वेगळा आणि अपूर्णांक वेगळा काढून मध्ये टिंब घालण्याची पद्धत सर्रास आहे. उणे आठला सोळाने भागलं की सी मध्ये शून्य येतं, शून्याला चिन्ह नसतं, आणि उणे ०.५ चं स्क्रीनवर ०.५ होतं. थंडीच्या लाटेत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली जातो. मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवायच्या की नाही हे त्या आकड्यावर ठरणार असेल, तर शून्याच्या दोन्ही बाजूंचे आकडे तपासलेच पाहिजेत: उणे १, ०, अधिक १ एकक, आणि उणे १५, उणे १६, उणे १७. शेवटचे तीन भागाकार आणि उजवीकडचा शिफ्ट यातला फरक उघडा पाडतात. उणे आठला चार बिट उजवीकडे सरकवलं तर जीसीसी उणे एक देतो, भागाकार शून्य देतो.

आता खरी मेख. अंशाच्या शंभराव्या भागात उत्तर हवं म्हणून कोड लिहिला जातो: कच्चा आकडा गुणिले ६२५ भागिले १००. पीसीवर इंट बत्तीस बिटी असतो, वरचा अख्खा तक्ता हिरवा येतो. एव्हीआरवर इंट सोळा बिटी आहे, ३२७६७ च्या पुढे जागा नाही. कच्चा आकडा ५२ असेपर्यंत गुणाकार ३२५०० येतो, तो बसतो. ५३ ला ३३१२५ होतो आणि हिशेब कोसळतो. ५३ म्हणजे जेमतेम ३.३ अंश! म्हणजे नाशिकच्या जवळजवळ प्रत्येक दिवशी चुकणारा कोड पीसीवरच्या टेस्टमध्ये शंभर टक्के पास होतो. उपाय एका शब्दाचा आहे: गुणण्याआधी बत्तीस बिटी साइन्डमध्ये कास्ट करा (आकड्याचा प्रकार बदला). पण कास्ट राहिलाय हे पीसीवरची कुठलीच टेस्ट सांगणार नाही. जीसीसीला बत्तीस बिटी बिल्डचा फ्लॅग देऊनही उपयोग नाही, कारण तिथेही इंट चार बाइटचाच राहतो. म्हणून टेस्टचा दुसरा फेरा चिपवर किंवा सिमएव्हीआरसारख्या सिम्युलेटरवर घ्यायचाच. त्याबद्दल शेवटी.

सीआरसी

सीआरसीची टेस्ट लिहिताना अपेक्षित उत्तर त्याच फंक्शनने काढून चिकटवू नका. '१२३४५६७८९' हे नऊ अंक आस्की बाइट म्हणून द्यायचे आणि उत्तर ठरलेल्या आकड्याशी ताडायचं, ही जगभरची रीत आहे. मॉडबसच्या सीआरसीला हेक्स ४बी३७ आलं पाहिजे. चुकीचं उत्तरही बोलकं असतं. बीबी३डी आलं तर सुरुवातीचा आकडा एफएफएफएफ ऐवजी शून्य ठेवलाय. २९बी१ आलं तर पॉलिनॉमियलच वेगळा, सीसीआयटीटीचा, उचललाय. सेन्सरच्या एक-तारी बसवरचा आठ बिटी सीआरसी वेगळा असतो, त्याचं याच नऊ अंकांचं उत्तर ए१.

तारेवरचा बाइटक्रम वेगळा तपासा. ०१ ०३ ०० ०० ०० ०ए या सहा बाइटांमागे सी५ आणि मग सीडी यायला हवं, कारण मॉडबसमध्ये सीआरसीचा खालचा बाइट आधी जातो. तिसरी तपासणी: हे आठही बाइट पुन्हा सीआरसीतून काढले तर उत्तर शून्य येतं. मग त्या आठ बाइटांतला एकेक बिट उलटा करत ६४ वेळा तपासा, एकदाही शून्य येता कामा नये. लूप चार ओळींचा आहे.

वेगासाठी २५६ आकड्यांचा टेबल वापरत असाल तर नऊ अंकांची टेस्ट अपुरी पडते. नऊ बाइटांनी टेबलातल्या फार तर नऊ जागांना हात लागतो. उरलेल्यांत एक आकडा टाइप करताना चुकला असेल तर तो एखाद्या दिवशी, एखाद्याच फ्रेमला नडेल. टेबलवालं आणि बिटाबिटाने चालणारं अशी दोन्ही फंक्शनं टेस्टमध्ये ठेवा आणि ० ते २५५ यातला प्रत्येक बाइट एकटा देऊन उत्तरं जुळवा. टेबलातल्या सगळ्या जागा बरोबर एकदा वापरल्या जातात.

एक टेस्ट बहुतेक जण विसरतात. सेन्सरची डेटा तार जमिनीला टेकली तर नऊच्या नऊ बाइट शून्य वाचले जातात. आठ बिटी सीआरसी शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे शून्यांचा सीआरसी शून्यच. नववा बाइटही शून्य, म्हणून फ्रेम 'बरोबर' ठरते आणि नोड शांतपणे शून्य अंश कळवतो. थंडीत ही खोटी घंटा चांगलीच महागात पडेल. डीएस१८बी२० च्या कॉन्फिगरेशन बाइटाचे खालचे पाच बिट कायम एक असतात, बारा बिटी मोडमध्ये तो बाइट ७एफ असतो. तो तपासा, आणि नऊ शून्यं नाकारली जातात अशी टेस्ट लिहा. हेक्स ०५५०, म्हणजे ८५ अंश, ही वीज आल्यानंतरची मूळ किंमत असते. तिचं काय करायचं ते वरच्या थरावर सोडा, लायब्ररीने फक्त ८५ म्हणावं.

रिंग बफर

इथे आठ बिटी मोकळे धावणारे निर्देशांक घेऊ: डोकं लिहिताना वाढतं, शेपूट वाचताना वाढते, २५५ नंतर दोन्ही आपोआप शून्यावर येतात. आत किती बाइट आहेत? डोकं वजा शेपूट.

आकार १६ धरा. डोकं १० आणि शेपूट २५० असताना आत नेमके १६ बाइट आहेत, बफर भरलेलं आहे. पण सी मध्ये आठ बिटी आकडे वजाबाकीआधी इंट होतात. उत्तर १६ नाही, उणे २४० येतं. 'भरलंय का' ही अट खोटी ठरते आणि पुढचा बाइट न वाचलेल्या बाइटावर जाऊन बसतो. वजाबाकीच्या निकालाला पुन्हा आठ बिटी अनसाइन्डचा कास्ट दिला की प्रश्न मिटतो. इथे पीसी आणि चिप दोन्हीवर सारखंच चुकतं, म्हणजे पीसीवरच पकडता येतं. अडचण वेगळी आहे: दहा बाइट घाला, दहा काढा, क्रम जुळवा, अशी नेहमीची टेस्ट २५५ च्या वळणापर्यंत पोचतच नाही.

म्हणून टेस्ट अशी लिहा:

१. बफर नवा करा. एक बाइट घालणं आणि लगेच काढणं हे 'क' वेळा करा. आता दोन्ही निर्देशांक 'क' वर आहेत.
२. १६ बाइट घाला, प्रत्येकाला वेगळी किंमत द्या. प्रत्येक वेळी संख्या एकाने वाढली का पाहा.
३. सतरावा घालायचा प्रयत्न करा. नकार मिळालाच पाहिजे, आणि संख्या १६ च राहिली पाहिजे.
४. १६ बाइट काढा, क्रम तपासा. सतरावा मागा, नकार हवा, आणि ज्या जागी उत्तर यायचं तिथलं जुनं मूल्य बदललेलं नसावं.
५. दोन्ही बाजूंचे ए५ तपासा.
६. हे सगळं 'क' ० पासून २५५ पर्यंत करा.

पीसीवर याला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा वेळ लागतो. 'क' चा आकडा फेलच्या मेसेजमध्ये छापा, नाहीतर २५६ पैकी कुठल्या फेऱ्यात गडबड झाली ते शोधत बसावं लागेल.

आकाराचे नियम टेस्टमध्ये ठेवू नका, कंपाइलरवर सोडा. आकार दोनचा घात हवा. २० घेतलात तर २५५ ला २० ने भागून बाकी १५ उरते आणि पुढच्या बाइटाला निर्देशांक शून्यावर जातो, १६ ते १९ या जागा वगळल्या जातात आणि क्रम विस्कटतो. कमाल आकार १२८, कारण २५६ घेतलात तर भरलेलं आणि रिकामं दोन्हीला फरक शून्यच येतो. या दोन अटींसाठी सी११ चा स्टॅटिक असर्ट दोन ओळींत होतो.

युनिट टेस्टच्या आवाक्यात न येणारी एक गोष्ट इथे आहे. डोकं इंटरप्टमध्ये (चालू काम थांबवून मध्येच धावणाऱ्या कोडमध्ये) बदलतं आणि शेपूट मुख्य लूपमध्ये. निर्देशांक सोळा बिटी केलात तर आठ बिटी एव्हीआर तो दोन तुकड्यांत वाचतो, मधे इंटरप्ट आला तर अर्धा जुना आणि अर्धा नवा आकडा हाती येतो. एका थ्रेडवर चालणारी टेस्ट हे कधीच दाखवणार नाही. आठ बिटी व्होलाटाइल निर्देशांक ठेवणं आणि एका बाजूने फक्त एकच निर्देशांक लिहिणं हा रचनेतला उपाय आहे, तो रिव्ह्यूमध्ये डोळ्यांनीच तपासायचा. मिलिसेकंदांचा बत्तीस बिटी काउंटर वाचताना मात्र इंटरप्ट क्षणभर बंद करावाच लागतो.

वेळ

बत्तीस बिटी मिलिसेकंद काउंटर ४९ दिवस, १७ तास आणि सुमारे ३ मिनिटांनी शून्यावर येतो. १० ऑक्टोबरला छाटणीबरोबर नोड चालू केला तर हे २९ नोव्हेंबरच्या आसपास होणार, बाग ऐन भरात असताना. 'आत्ता >= सुरुवात + अवधी' हे चूक, '(आत्ता - सुरुवात) >= अवधी' हे बरोबर.

टेस्टमध्ये खोटं घड्याळ ४२९४९६७२९० वर ठेवा, अवधी १० द्या. घड्याळ ४२९४९६७२९१ असताना उत्तर 'नाही', ३ असताना 'नाही', ४ असताना 'हो'. चुकीचं रूप पहिल्याच तपासणीला पडतं. प्रकार म्हणून अनसाइन्ड लाँग वापरलंत तर ६४ बिटी लिनक्सवर तो आठ बाइटचा असतो, आणि बरोबर कोडही ३ ला 'हो' म्हणतो. ठरलेल्या रुंदीचेच प्रकार वापरा.

रॅम वाचवायला सोळा बिटी काउंटर ठेवला तर गंमत उलटी होते. सुरुवात ६५५३०, आत्ता ५: एव्हीआरवर वजाबाकी ११ देते, पीसीवर इंट मोठा असल्याने उणे ६५५२५. चिपवर पास, पीसीवर फेल. इथेही कास्ट द्या. आज एव्हीआर आहे, उद्या तोच कोड एआरएम चिपवर जाईल.

टेस्टची टेस्ट, आणि चिपवरचा फेरा

सगळं हिरवं झालं की कोड मुद्दाम बिघडवा. > चं >= करा, रिंग बफरमधला कास्ट काढा, सीआरसीच्या टेबलातला एक आकडा बदला. प्रत्येक बिघाडाला निदान एक टेस्ट लाल झाली पाहिजे. झाली नाही तर ती जागा उघडी आहे. जीकोव्हचा कव्हरेज अहवालही (टेस्टमध्ये कुठल्या ओळी चालल्या ते दाखवणारा) काढा, पण त्यावर विसंबू नका: ६२५ च्या गुणाकाराची ओळ त्यात पूर्ण झाकलेली दिसते.

चिपवर चालवताना रॅमचं भान ठेवा. एव्हीआरवर स्ट्रिंगा रॅममध्ये उतरतात, आणि असर्शनच्या मेसेजांनी एटीमेगा३२८पी चे दोन केबी भराभर संपतात. सगळ्या टेस्ट एका हेक्स फाइलमध्ये कोंबू नका, चार फाइलींचे चार वेगळे बिल्ड करा. युनिटीला एक अक्षर बाहेर टाकणारं फंक्शन द्यावं लागतं, ते यूएआरटीला (चिपच्या सिरियल पोर्टला) जोडा. सिमएव्हीआरमध्ये तेच आउटपुट पीसीच्या टर्मिनलवर वाचता येतं, त्यामुळे बोर्ड नसतानाही हा फेरा मेकमध्ये बसवता येतो. पीसीचा फेरा प्रत्येक कंपाइलला, सिम्युलेटरचा प्रत्येक कमिटला, आणि खऱ्या बोर्डवरचा नोड डब्यात बंद करण्याआधी.